ओल्या लाकडाचा सांगाडा अन् कोरडं बोर्ड, प्लाय, काच : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात घर बांधताना घरच्या फणसाचे, ऐनाचे, किंजळीचे खांब आणि तुळया घालायच्या आणि भिंती मात्र चिऱ्याऐवजी सिमेंट बोर्ड, प्लाय, पॅनेल, काच अशा रेडिमेड मालाच्या करायच्या, असं करणारे लोक वाढलेत. त्यांचे प्रश्न सतत येतात आणि बरेचसे तेच तेच असतात, म्हणून इथे एकत्र केलेत. एक गोष्ट आधीच सांगतो कारण ती सगळ्या उत्तरांच्या मुळाशी आहे: लाकूड हलणार (म्हणजे सुकताना आकसणार, पिळणार), बोर्ड हलणार नाही, आणि दोघांना एकमेकांना न ओढता राहता आलं पाहिजे.

१. ओलं लाकूड म्हणजे नक्की काय? पावसात भिजलेलं का?

नाही. पावसात भिजलेलं सुकं लाकूड वरवर भिजतं आणि ऊन लागलं की चार दिवसांत परत सुकतं. ओलं म्हणजे झाड तोडल्यापासून ज्याच्या आतलं पाणी अजून गेलेलंच नाही असं. लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं, एक पेशींच्या पोकळीत मोकळं आणि दुसरं पेशींच्या भिंतींत मुरलेलं. मोकळं पाणी आधी जातं, त्याने वजन कमी होतं पण आकार बदलत नाही. ओलावा साधारण २८ ते ३० टक्क्यांच्या खाली आला की भिंतींतलं पाणी जायला लागतं आणि तिथून आकसणं सुरू होतं. म्हणून तोडून दोन महिने झालेलं लाकूड हाताला हलकं लागलं तरी त्याचं आकसणं कदाचित सुरूही झालेलं नसतं, आणि सगळा घोळ इथेच होतो कारण मिस्त्री हातात धरून म्हणतो सुकलंय.

२. आमच्या आजोबांनी कच्चं लाकूडच वापरलं, शंभर वर्षं घर उभं आहे. मग आता एवढा बाऊ कशाला?

आजोबांचं बरोबरच होतं, आणि ते का बरोबर होतं हे समजलं तर अर्धे प्रश्न सुटतात. त्या घरात लाकडाला काहीच घट्ट चिकटवलेलं नव्हतं. मंगलोरी कौल रिपेवर नुसतं अडकून, स्वतःच्या दोन-अडीच किलो वजनाने बसलेलं असतं, त्याला खिळा नाही की सिमेंट नाही. खालचा वासा ५ मिमी आकसला, थोडा पिळला, तरी कौलं आपापली जागा धरतात. कोन्यांवरचा (छपराच्या शेंड्यावरच्या कौलांवरचा) चुना-सिमेंट तडकायचा तो पावसाआधीच्या शाकारणीत परत भरला जायचा. माती किंवा चिऱ्याच्या भिंतीत तुळईचं टोक नुसतं टेकलेलं असायचं. वर चुलीचा धूर आणि कौलांच्या फटीतून खेळती हवा, त्यामुळे लाकूड हळूहळू पण पूर्ण सुकायचं.

आता आपण त्याच लाकडावर ८ फुटी बोर्ड स्क्रूने आवळतो, सांध्यात पुट्टी भरतो, वर पेंट मारतो आणि मग सहा महिन्यांनी प्रत्येक सांध्यावर सरळ रेघ उमटली की लाकडाला दोष देतो. लाकूड तेच करतंय जे शंभर वर्षांपूर्वी करत होतं.

३. मग सरळ सुकलेलंच लाकूड का घेऊ नये?

मिळत असेल आणि परवडत असेल तर दारं, खिडक्या, जिने, फर्निचर यांच्यासाठी सुकलेलंच घ्या, त्यात तडजोड नको. पण ८ इंच बाय ८ इंचाचा खांब पूर्ण सुकलेला बाजारात जवळपास मिळत नाही. सावलीत हवेवर सुकवायचं तर जाडीच्या दर इंचाला एक वर्ष असा ढोबळ हिशोब आहे, म्हणजे ६ इंची तुळईला सहा वर्षं थांबायचं, आणि भट्टीत एवढी जाड लाकडं घातली तर पैसे आणि वेळ दोन्ही फार जातात वर बाहेरून फाटण्याची भीती. शिवाय ओला ऐन किंवा किंजळ हत्याराला बराच सोपा जातो, सुकल्यावर तोच ऐन पटाशीची धार मोडतो. इंग्लंडमध्ये ओकचे सांगाडे शेकडो वर्षं ओलेच कापून ओलेच उभे करतात, ते याच कारणासाठी. भारतीय मानक आयएस २८७ मध्ये पण हवामानाप्रमाणे देशाचे चार विभाग करून दारं-खिडक्यांपेक्षा तुळया-वाशांना जास्त ओलावा चालतो असंच धरलंय.

४. आकडा सांगा. नक्की किती आकसतं?

दिशेवर अवलंबून. लांबीत जवळजवळ नाहीच, ०.१ ते ०.२ टक्के. आडवं मात्र बरंच, आणि आडव्यातही वलयांच्या गोलाईने सगळ्यात जास्त, गाभ्यापासून सालीकडे त्याच्या निम्मं वगैरे. साग सगळ्यात सभ्य लाकडांपैकी, तरी ओल्यापासून अगदी हाडासारखं कोरडं होईपर्यंत गोलाईत साधारण ५.८ टक्के आणि गाभ्यातून बाहेर २.५ टक्के. अमेरिकेतला पांढरा ओक गोलाईत १०.५ टक्क्यांच्या आसपास. ऐन सागापेक्षा जास्त आकसतो आणि चिरण्यासाठी तर प्रसिद्धच आहे.

घरात लाकूड हाडासारखं कोरडं होत नाही, १५ टक्क्यांवर येऊन थांबलं असं धरलं तर वरच्या आकड्याच्या निम्मं धरा. म्हणजे सागाची २०० मिमी उंचीची तुळई जास्तीत जास्त ६ मिमी कमी होईल, ओकची १० मिमी. आता खरी गंमत बघा: ३ मीटरचा उभा खांब जेमतेम दीड ते तीन मिमी कमी होतो, पण खांबावर २०० ची तुळई आणि तुळईवर १०० चा पाट (आडवं टाकलेलं लाकूड) असं एकावर एक ठेवलं तर सागातही ती ३०० मिमीची आडवी थप्पी जवळपास ९ मिमी खाली बसते. उंचीचं नुकसान खांबात होत नाही, आडव्या लाकडांत होतं. माळा असलेल्या घरात हे दोनदा होतं. हा हिशोब कागदावर न करता बोर्ड कापायला घेऊ नका.

५. ओलावा मोजायचा कसा? मीटर विकत घ्यायलाच पाहिजे का?

घ्या, घर बांधताय तर तो खर्च काहीच नाही. पण दोन टोचण्यांचा साधा मीटर वरच्या थराचा ओलावा दाखवतो आणि ३० टक्क्यांच्या वर त्याच्या आकड्यावर विसंबू नका. जाड तुळई वरून १६ आणि आतून ३५ असू शकते.

पक्कं बघायचं तर तुळईच्या टोकापासून फूट-दीड फूट आतला तुकडा कापा (टोकं लवकर सुकतात, तिथला तुकडा फसवतो), लगेच वजन करा, मग ओव्हनमध्ये १०० डिग्रीच्या जरा वर वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. ओलं वजन वजा सुकं वजन, भागिले सुकं वजन, गुणिले १००. १५० ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅमवर आला तर ओलावा ५० टक्के. हो, त्यामुळेच ताज्या लाकडाचा ओलावा १०० टक्क्यांच्या वरही येऊ शकतो, तुमचं गणित चुकलेलं नसतं.

६. खांबाला एवढी मोठी भेग पडली की त्यात पाच रुपयांचं नाणं जातं. घर पडेल का?

बहुतेक वेळा नाही. मधोमध गाभा असलेला खांब सुकताना चिरणारच, कारण गोलाईत जास्त आकसायचंय आणि आत गाभा अडून बसलाय, मग कुठेतरी एक उभी भेग उघडते. भेग लाकडाच्या रेषेच्या दिशेने असेल, खांबाच्या उभ्या लांबीत असेल तर खांबाच्या ताकदीला फारसा धक्का नाही. काळजी तेव्हा करा जेव्हा भेग सांध्यातून जाते, कुसू (दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसणारं टोक) फाटते, बोल्टच्या ओळीतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, किंवा रेषा तिरक्या असलेल्या तुळईत खालच्या कडेला बाहेर पडते. अशा वेळी इंजिनिअरला दाखवाच.

भेगेत एपॉक्सी किंवा पुट्टी भरायची घाई मात्र करू नका. पावसाळ्यात लाकूड परत फुगतं आणि भरलेला कडक माल पाचरीसारखा काम करून भेग अजून लांबवतो. आधीपासून करता येईल ते एवढंच, कापल्या दिवशीच टोकांना मेण किंवा जाड ऑइल पेंट लावा आणि लाकडाला थेट ऊन लागू देऊ नका.

७. बोर्ड खांबांच्या मध्ये बसवू की बाहेरून?

बाहेरून. दहापैकी नऊ लोकांना मी हेच सांगतो. सांगाडा आत मोकळा दिसू दे आणि त्याच्यावरून बाहेर सलग भिंत आणि छप्पर जाऊ दे. याचे फायदे खरंच खूप आहेत, लाकूड आतल्या बाजूला उघडं राहतं म्हणून सुकत राहतं, पावसाची झड त्याला लागत नाही, खांब आणि बोर्ड यांच्यात फट पडून पाणी आत येईल असा सांधाच राहत नाही, आणि लाकूड आकसलं तर बाहेरच्या भिंतीला त्याचा पत्ताही लागत नाही.

पण एक जागा लोक विसरतात, भिंतीचा माथा. प्रश्न ४ मधले ते ९ मिमी आठवा. सांगाडा खाली बसतो, जोत्यावर उभी असलेली बोर्डाची भिंत बसत नाही. छप्पर मग खांबांऐवजी बोर्डावर टेकायला लागतं आणि बोर्डाला पोट सुटतं. म्हणून भिंतीच्या माथ्यावर छपराखाली १५ मिमी मोकळी जागा ठेवा, तिथे दाबला जाणारा फोम घाला आणि बाहेरून वरच्या बाजूलाच ठोकलेली पट्टी खाली झुलती सोडा. भिंत तुळईला बांधायची ती लांबट भोकं असलेल्या क्लिपने, म्हणजे वारा अडेल पण तुळई खाली सरकू शकेल. स्क्रू लांबट भोकाच्या खालच्या टोकाला ठेवायचा की वरच्या ते क्लिप कुणाला पक्की आहे त्यावरून ठरतं. क्लिप भिंतीला पक्की असेल तर स्क्रू तुळईबरोबर खाली जाणार, म्हणजे सुरुवातीला तो वरच्या टोकाला हवा. मिस्त्रीला कागदावर काढून द्या, तोंडी सांगितलेलं उलटं होतं.

८. मला जुन्या वाड्यासारखं खांब बाहेरून दिसायला हवेत, मधे भरायचंच आहे. मग?

करता येतं, फक्त जास्त मेहनत घ्यावी लागेल. खांबाच्या कडेला २० ते २५ मिमी खोल खाच मारा आणि बोर्ड त्यात तरंगता ठेवा, गोंद नाही, स्क्रू नाही, पुट्टी नाही. खांब आकसला की बोर्डाची कड खाचेत उघडी न पडता मागे-पुढे होईल. नुसतं खांबाला टेकवून सिलिकॉन मारलं तर पहिल्याच उन्हाळ्यात सिलिकॉन एका बाजूने सुटतं, मग पावसाळ्यात तिथूनच पाणी. कोकणच्या नैऋत्येकडून येणाऱ्या झडीच्या बाजूला हा प्रकार नकोच, तिथे पडवी काढा किंवा प्रश्न ७ प्रमाणे बाहेरून झाका.

९. ओल्या खांबांच्या मधे मोठी काच लावायची आहे.

काच कधीच थेट ओल्या लाकडात पक्की करू नका, लाकूड पिळलं तर काच जाते. सुक्या लाकडाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची स्वतंत्र चौकट करा, तिच्या आणि सांगाड्याच्या मधे चारही बाजूंनी १० मिमी सोडा, वर तुळई असेल तर प्रश्न ४ चा हिशोब करून अजून जास्त. चौकट खालीच टेकवा, वरून फक्त डोलू नये इतपत धरा. फट झाकायला पट्टी, आणि पट्टी एकाच बाजूला ठोकलेली.

१०. आतलं जिप्सम पार्टिशन आणि सिलिंग कधी करू?

जितकं उशिरा तितकं चांगलं, निदान एक अख्खा उन्हाळा छप्पर घातलेल्या घरावरून गेल्यावर. पार्टिशनचा माथा तुळईला आवळू नका, वरची चॅनेल (पत्र्याची पन्हळ) खोल घ्या आणि आतल्या उभ्या चॅनेलना त्यात सरकायला जागा ठेवा. सिलिंग वाशांना थेट न ठोकता लोंबत्या फ्रेमवर, भिंतीजवळ सावलीची फट सोडून. ती फट दिसायला छान दिसते, आणि हलणं पण त्यातच मुरतं.

११. खिळे, बोल्ट, लोखंडी प्लेट, काय वापरायचं?

ओल्या लाकडात ठोकलेला खिळा लाकूड सुकल्यावर पकड सोडतो, म्हणून भार घेणाऱ्या ठिकाणी खिळा नको, स्क्रू किंवा बोल्ट घ्या. बोल्ट पहिल्या वर्षी दोन-तीनदा परत आवळावे लागतात, त्यामुळे ते बोर्डाच्या आड गाडू नका. मोठी लोखंडी प्लेट आडव्या लाकडाला वर-खाली दोन ओळींनी बोल्ट लावून जोडली तर लाकूड मधे आकसतं, प्लेट आकसत नाही, आणि लाकूड दोन ओळींच्या मधे फाटतं. एकच ओळ ठेवा किंवा भोकं लांबट करा. साधं लोखंड ऐनासारख्या टॅनिनवाल्या लाकडात काळे डाग पाडतं, दिसणाऱ्या जागी स्टेनलेस घ्या.

माझं मत विचाराल तर कुसू-भोक आणि लाकडी खुंटीच सगळ्यात समजूतदार जोड. खुंटी पूर्ण सुकलेल्या चिवट लाकडाची, आणि कुसूतलं भोक २-३ मिमी खांद्याच्या (जिथून कुसू सुरू होते त्या) बाजूला सरकवून पाडलेलं, म्हणजे खुंटी ठोकताना ती कुसू आत ओढते आणि नंतर लाकूड आकसलं तरी सांधा उघडत नाही. हे येणारे सुतार कोकणात अजून आहेत, त्यांना शोधा आणि नीट पैसे द्या.

१२. वेळापत्रक कसं लावू? मिरगाच्या आत घर झाकायचंय.

नोव्हेंबर-डिसेंबरात तोड, लगेच ओलंच कापून घ्या, जानेवारी-फेब्रुवारीत सांधे, मार्च-एप्रिलला सांगाडा उभा आणि छप्पर, मे अखेर बाहेरचं आवरण. मग तो पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा-उन्हाळा आतलं लाकूड उघडं राहू दे. आतलं जिप्सम, पॉलिश, काच याच्या पुढच्या वर्षी. लोकांना हे ऐकवत नाही मला माहितीये, गणपतीला वास्तुशांत करायची असते, तर करा, राहायलाही जा, फक्त आतून लाकूड झाकू नका. खिडक्या उघड्या ठेवा, आणि पहिल्याच वर्षी एसी किंवा हीटर लावून जबरदस्तीने सुकवू नका, बाहेरचा थर आधी सुकून फाटतो.

१३. इंग्लंड-अमेरिकेतल्या व्हिडिओत आतून प्लास्टिकचा थर लावतात. आपण पण लावू ना?

नाही! हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा जोरात सांगतोय. तिकडे थंडीत घराच्या आत ऊब आणि दमट हवा, बाहेर गारठा, म्हणून वाफ आतून बाहेर जायला बघते आणि ते आतून अडवतात. कोकणात जुलैत उलटं, बाहेर २७-२८ डिग्री आणि ९० टक्के दमटपणा, आत तुम्ही एसी २४ वर ठेवलेला. वाफ बाहेरून आत यायला बघते, आतल्या गार प्लास्टिकच्या मागे पाणी धरते, आणि तुमचं ओलं लाकूड कायम ओलंच राहतं. २० टक्क्यांच्या खाली उतरलेल्या लाकडाला कुजवणारी बुरशी सहसा धरत नाही, त्याच्या वर राहिलं की धरते. एसीची खोली असेल तर वाफ अडवणारा थर बाहेरच्या बाजूला हवा, आणि त्याच्याही बाहेर २५ मिमी रिपा मारून हवा खेळती ठेवलेली पावसाची पत्र्याची किंवा फळ्यांची कातडी. एसी नसेल तर प्लास्टिकची गरजच नाही.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्येच घर बांधणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र तिकडच्या हवामानाचा नियम पाळावा, वरचा परिच्छेद त्यांच्यासाठी नाही.

१४. पॉलिश, पीयू (पॉलियुरेथेन), ऑइल पेंट?

पहिल्या वर्षी काही नाही. पीयू आणि ऑइल पेंट पाणी कोंडतात, मग फोड येतात आणि सोलतात. फारच वाटलं तर जवसाच्या तेलाचा एक पातळ हात. काजूच्या टरफलाचं तेल लावायचं असेल तर तेही लाकूड सुकल्यावर. टोकांचं मेण वेगळं, ते प्रश्न ६ मध्ये आहे.

१५. भुंगा लागतो म्हणून ओलं लाकूड नको असं सासरे म्हणतात. आणि अवसेला तोडलं तर लागत नाही हे खरं का?

पीठ पाडणारा भुंगा बाहेरच्या पांढऱ्या लाकडातल्या पिष्टावर जगतो, गाभ्याला सहसा हात लावत नाही. म्हणून पांढरं लाकूड जितकं काढता येईल तितकं काढा, आंब्याच्या बाबतीत तर जास्तच, त्यात खाण्यासारखं खूप असतं. जुनी माणसं ओंडके तळ्यात मुरवायची त्यातही तोच हेतू. तिथी पाळायची असेल तर जरूर पाळा, पण खरा फरक पाऊस संपल्यावर कोरड्या दिवसांत तोडणं आणि लगेच कापणं याने पडतो.

इथे ओलं असण्याचा एक मोठा फायदा आहे जो कुणी सांगत नाही. बोरिक अ‍ॅसिड आणि बोरॅक्सचं द्रावण (एकास दीड) ओल्या लाकडात स्वतःहून आत पसरतं, सुक्या लाकडात ते वरच राहतं. कापल्यावर लगेच बुडवा किंवा भरपूर लावा आणि काही आठवडे प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, लाकूड गुंडाळायची परवानगी फक्त एवढ्यापुरतीच. हातमोजे घाला. पावसात ते धुऊन जातं म्हणून उघड्या भागांवर त्याचा उपयोग नाही, आणि जोत्यातल्या वाळवीची ट्रीटमेंट वेगळी करायचीच.

१६. लाकूड कोकणातलं, घर पुण्याला. चालेल?

चालेल पण हिशोब बदला. कोकणात उन्हाळ्यातही लाकूड साधारण १२-१३ टक्क्यांवर थांबतं, पुण्या-नाशकाच्या एप्रिलमध्ये त्याच्याही बरंच खाली जातं. म्हणजे प्रश्न ४ मधल्या आकड्यांत अजून तिसरा हिस्सा वाढवा, आणि सांगाडा उन्हाळ्यात उभा करायचा टाळा, हिवाळ्यात करा. कोरड्या वाऱ्यात ऐन दोन दिवसांत चिरतो, गोणपाटाने झाका.

१७. तुळई मधे खाली वाकली, अजून छपराचं सगळं वजन पण आलेलं नाही.

ओलं लाकूड वजनाखाली असताना सुकलं तर ज्या आकारात असतं त्या आकारात बसतं, सुकल्यावर परत वर येत नाही. म्हणून तुळईची उंची एक माप जास्त घ्या, थोडा नैसर्गिक बाक असेल तर तो वर करून ठेवा, आणि पहिल्या वर्षी मधे टेकू. टेकूखाली पाचरी ठेवा आणि महिन्याने बघत राहा. आता वाकलेलीच असेल तर हळूहळू टेकूने उचलून सुकू द्या, एका दिवसात उचलायला जाल तर वरचे सांधे उघडतील.

१८. घरचीच झाडं आहेत, परवानगी कशाला?

लागते. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ मध्ये साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस, खैर वगैरे झाडं अनुसूचित आहेत, स्वतःच्या जमिनीतली असली तरी आधी अर्ज करावा लागतो आणि वाहतुकीचा पास वेगळा. गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. हे काम पावसाळ्यातच सुरू करा म्हणजे प्रश्न १२ चं वेळापत्रक जमेल.

१९. जुन्या घराची एकच तुळई कुजलीये, बाकी सगळं शंभर वर्षांचं सुकं. नवीन ओली घातली तर?

हे सगळ्यात अवघड, कारण शेजारच्या तुळया अजिबात हलणार नाहीत आणि ही एकटीच बसेल, वरची माळ्याची फळी नेमकी तिथेच खचेल. शक्य असेल तर मोडलेल्या घराची जुनी तुळई विकत घ्या, वखारीत मिळतात. नाहीच मिळाली तर ओली घाला पण तिची दोन्ही टोकं भिंतीत बांधून टाकू नका, टोकांखाली समोरासमोरच्या दोन दोन सुक्या पाचरी ठेवा आणि हात जाईल एवढी जागा सोडा. वरच्या फळ्या त्या तुळईला ठोकू नका, शेजारच्या दोन तुळयांनाच ठोका. दर दोन महिन्यांनी पाचरी ठोकून तुळई परत फळीला टेकवत जा, दोन उन्हाळे झाले आणि पाचरी हलायच्या थांबल्या की मग फळ्या ठोका आणि टोकांभोवती चुन्याने भरा, सिमेंटने नको.